काडतूस पुनर्भरण यंत्र

काडतूस पुनर्भरण यंत्र हे एकदा उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, दारू आणि गोळी किंवा छर्रे बसवून ते काडतूस पुन्हा वापरण्याजोगे करणारे, बहुधा हाताने चालविले जाणारे दाबयंत्र होय. व्यवहारात त्यास 'रिलोडिंग प्रेस' किंवा नुसते 'प्रेस' म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील काही देशांत नेमबाज व शिकारी ते घरी वापरतात. भारतातील स्थिती मुळातच वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्यातील व्याख्येनुसार दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री हीच 'दारूगोळा' या संज्ञेत मोडते. त्यामुळे कोणते यंत्र निवडावे, या प्रश्नाच्या आधी ते बाळगण्याचा परवाना आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

व्युत्पत्ती आणि संज्ञा

'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो' या शब्दावरून मराठीत आला. 'पिस्तूल' हा शब्दही त्याच वाटेने आलेला आहे. काडतुसाच्या बाहेरील कवचास पुंगळी म्हणतात. ती पितळेची असते किंवा बारा बोअरसारख्या बंदुकीत कागदाची वा प्लॅस्टिकची आणि बुडाशी धातूची असते. पुंगळीच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, तिच्यापुढे दारू आणि सर्वांत पुढे गोळी किंवा छर्रे अशी रचना असते. छऱ्याच्या काडतुसात दारू व छर्रे यांच्यामध्ये गादीसारखा भाग असतो, त्यास वॅड म्हणतात.

'बारा बोअर' ही संज्ञा अनेकदा चुकीने समजली जाते. एक पौंड शिशापासून सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एका गोळीचा जो व्यास येईल, तो त्या बंदुकीच्या नळीचा व्यास होय. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. म्हणूनच बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद.

इतिहास

काडतूस येण्यापूर्वी प्रत्येक बार हा 'घरी भरलेला'च असे. तोडेदार व पुढे ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर गोळी घालून ती गजाने ठासली जाई. शोरा, गंधक व कोळसा यांपासून होणारी काळी दारू ओलाव्याने बिघडते आणि ठिणगीने पेटते. म्हणून तिची साठवण हा जुन्या काळापासून काळजीचा विषय होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना राहत्या घरांपासून दूर ठेवण्याची सूचना आढळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची पुंगळी आणि मध्यभागी टोपी असलेले काडतूस रूढ झाले. १८६६ च्या सुमारास ब्रिटिश लष्करी अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन हायरम बर्डन यांनी टोपीच्या दोन वेगवेगळ्या पद्धती प्रचारात आणल्या. बॉक्सर पद्धतीत टोपीखाली पुंगळीच्या मध्यभागी एकच छिद्र असते आणि ऐरण टोपीतच असते. त्यामुळे जुनी टोपी आतून खिळीने सहज ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या बाजूंना बहुधा दोन बारीक छिद्रे असतात. तेथे सरळ खिळीचा उपयोग होत नाही. ब्रिटिशाने शोधलेली पद्धती अमेरिकेत आणि अमेरिकनाने शोधलेली पद्धती युरोपीय लष्करांत अधिक रुजली. अमेरिकेत घरगुती पुनर्भरण वाढण्याचे एक तांत्रिक कारण यात सापडते.

दुसरे कारण अंतराचे होते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील शिकाऱ्यांना तयार काडतुसे मिळण्याची ठिकाणे दूर असत. म्हणून पक्कडीच्या आकाराची, खिशात मावणारी पुनर्भरण साधने प्रचारात आली. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेली आयडियल ही कंपनी अशा साधनांसाठी प्रसिद्ध होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली. विसाव्या शतकात मेजावर बसवायची दाबयंत्रे आली. कॅलिफोर्नियातील आरसीबीएस, विस्कॉन्सिनमधील ली प्रिसिजन व छऱ्याच्या काडतुसांसाठीची एमईसी, तसेच डिलन प्रिसिजन ही या क्षेत्रातील परिचित नावे होत.

ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातही शिकारीचा नाद असलेले अधिकारी आणि संस्थानिक बारा बोअरची काडतुसे स्वतः भरत किंवा नोकरांकडून भरवून घेत. मेजाच्या कडेला अडकवून पुंगळीचे तोंड आत वळविणारे फिरत्या दांड्याचे छोटे यंत्र त्या काळच्या शिकारी सामानात असे.

कार्यपद्धती

यंत्राच्या चौकटीत वरच्या बाजूस 'डाय' नावाचा पोलादी साचा बसवितात. खाली सरकणाऱ्या दट्ट्यावर पुंगळी उभी करतात. दांडा खाली ओढला की दट्ट्या वर जातो आणि पुंगळी साच्यात शिरते. गोळीच्या काडतुसात पुढील कामे क्रमाने होतात:

जुनी टोपी काढणे व उडताना फुगलेली पुंगळी मूळ मापास आणणे. नवी टोपी बसविणे. मोजून दारू घालणे. गोळी ठराविक खोलीवर बसविणे. आवश्यक तेथे पुंगळीचे तोंड गोळीवर आवळणे.

छऱ्याच्या काडतुसात गोळीऐवजी वॅड व छर्रे घालतात आणि प्लॅस्टिक पुंगळीचे तोंड सहा किंवा आठ पाकळ्यांच्या घडीने मिटवितात. म्हणून या दोन कामांसाठीची यंत्रे बहुधा निरनिराळी असतात.

दारू किती व कोणती घालावी, याचे ज्ञान यंत्रास नसते. त्यासाठी त्या त्या दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली कोष्टके हाच एकमेव आधार मानला जातो. यंत्र कितीही भारी असले, तरी चुकीचा बार ते तितक्याच सफाईने भरून देते.

प्रकार

एकस्थानी यंत्र: यात एका वेळी एकच साचा बसतो. सर्व पुंगळ्यांवर पहिले काम करून मगच साचा बदलून दुसरे काम करतात. वेग कमी असतो. अनुभवी माणसाच्या हातून तासाला साधारण पन्नास ते शंभर काडतुसे होतात. चौकट इंग्रजी 'ओ' अक्षरासारखी बंद किंवा 'सी' अक्षरासारखी एका बाजूस उघडी असते. बंद चौकट दाबाखाली कमी वाकते, तर उघड्या चौकटीत हात घालणे सोपे जाते.

फिरत्या शिराचे यंत्र: यास टरेट प्रेस म्हणतात. वरच्या फिरत्या तबकडीवर सर्व साचे एकदाच बसवून ठेवतात आणि तबकडी फिरवून एकाच पुंगळीवर एकामागून एक कामे करतात. वेग मध्यम असतो.

क्रमवर्ती यंत्र: यास प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. यात खालची तबकडी फिरते आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीत निरनिराळ्या स्थानांवरील अनेक पुंगळ्यांवर एकाच वेळी निरनिराळी कामे होतात. प्रत्येक ओढीस एक पूर्ण काडतूस बाहेर पडते व तासाला काहीशे काडतुसे होऊ शकतात. परंतु एकाच वेळी चार-पाच क्रियांवर लक्ष ठेवावे लागते.

हातयंत्र: हे मेजावर न बसविता हातात धरून चालवितात. हे हलके व स्वस्त असते, मात्र जाड पितळी पुंगळ्यांसाठी त्यात पुरेसा जोर मिळत नाही.

निवडीचे निकष

ज्या देशांत घरगुती पुनर्भरणास मुभा आहे, तेथे यंत्र निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

काडतुसाचा प्रकार: हा पहिला निकष होय. .२२ रिमफायर काडतुसात पेटणारे द्रव्य वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत असते. घोडा पडताच ती कड चेपते आणि कायमची निकामी होते. त्यामुळे ही काडतुसे कोणत्याही यंत्रावर पुन्हा भरता येत नाहीत. बर्डन पद्धतीच्या पुंगळ्यांचे पुनर्भरण शक्य असले तरी कटकटीचे असते.

संख्या: महिन्याला थोडी काडतुसे लागणाऱ्या रायफलधारकास एकस्थानी यंत्र पुरते. दर आठवड्यास शेकडो बार उडविणारा पिस्तूल स्पर्धक किंवा उडत्या चकत्यांवर नेम धरणारा नेमबाज क्रमवर्ती यंत्राकडे वळतो.

चौकट व जोर: लांब रायफल पुंगळी मूळ मापास आणण्यास मोठा जोर लागतो. त्यासाठी बिडाची जड, बंद चौकट उपयुक्त ठरते. आखूड पिस्तुली पुंगळ्यांना ॲल्युमिनियमची चौकट चालते. दट्ट्या व साचा एका सरळ रेषेत असणे हे वजनापेक्षाही महत्त्वाचे असते. ती रेषा चुकली तर गोळी तिरकी बसते.

साच्याचे आटे: बहुतेक यंत्रांत सात अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला चौदा आटे असलेले साचे बसतात. हे माप प्रमाणभूत झाल्यामुळे एका कंपनीचा साचा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालतो. काही यंत्रांचे साचे मात्र स्वतंत्र मापाचे असतात व पुढे त्याच कंपनीवर अवलंबून राहावे लागते.

तपासणीची सोय: गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीतील दारू डोळ्यांनी पाहता येते काय, हा निकष अनुभवी लोक किमतीच्या वर ठेवतात. त्याचे कारण पुढील विभागात दिले आहे.

या सर्व निकषांमुळे नवशिक्यास सामान्यतः एकस्थानी यंत्राची शिफारस केली जाते. त्यात प्रत्येक क्रिया स्वतंत्रपणे दिसते आणि चूक पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी लक्षात येण्याची शक्यता अधिक असते.

धोके

काळी दारू पुंगळीचा बहुतेक भाग व्यापते, त्यामुळे तिचा दुप्पट बार भरताच येत नाही. धूरविरहित दारू तुलनेने फार थोडी लागते. काळ्या दारूच्या काळात जन्मलेल्या .३८ स्पेशलसारख्या पुंगळीत तिचा नेहमीचा बार तळाशी राहतो आणि चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती मावते. बाहेरून काडतूस नेहमीसारखेच दिसते, पण उडविताना दाब कमालीचा वाढून नळी किंवा कोठी फुटू शकते. हीच दुहेरी बाराची चूक होय.

याच्या उलट, दारू अजिबात न पडल्यास केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. हे लक्षात न घेता दुसरा बार काढल्यास नळी फुगते वा फाटते. क्रमवर्ती यंत्रात दांडा अर्धवट ओढला जाणे किंवा अडथळा काढताना क्रम चुकणे, ही या दोन्ही चुकांची नेहमीची कारणे मानली जातात.

काळ्या दारूच्या जागी धूरविरहित दारू वापरणे, दोन दारूंचे मिश्रण करणे आणि ओळख पुसलेल्या डब्यातील दारू वापरणे या गोष्टी सर्वत्र निषिद्ध मानल्या जातात. वापरलेल्या टोप्यांच्या राखेत बहुधा शिशाची संयुगे असतात. ती हातावाटे व धुळीवाटे शरीरात जातात, म्हणून हे काम स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या वावरात करू नये, असा दंडक आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम २ मधील 'दारूगोळा' या व्याख्येत तयार काडतुसांबरोबरच दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. या व्याख्येचे परिणाम दूरगामी आहेत. कलम ३ नुसार परवान्याविना दारूगोळा बाळगता येत नाही. कलम ५ नुसार परवान्याविना तो तयार करता येत नाही. कलम १० नुसार परवान्याविना तो परदेशातून आणता येत नाही. परदेशात कोणत्याही दुकानात मिळणारे यंत्र सामानातून घरी आणणे, ही गोष्ट त्यामुळे साध्या अवजाराच्या खरेदीसारखी राहत नाही.

बंदूक बाळगण्याचा परवाना आणि दारूगोळा निर्मितीचा परवाना हे दोन वेगळे परवाने आहेत. पहिला असल्याने दुसरा आपोआप मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याविना शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे.

या कठोरपणामागील तर्क नोंदीचा आहे. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि विक्रेता प्रत्येक खरेदी नोंदवितो. त्यामुळे किती काडतुसे कोणाकडे गेली, याचा माग राहतो. घरी भरलेले काडतूस या नोंदीच्या बाहेर राहते.

दारू हा स्फोटक पदार्थ असल्याने तिला स्फोटके अधिनियम, १८८४ आणि स्फोटके नियम, २००८ हेही लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात काडतुसांचे उत्पादन मोठ्या सरकारी कारखान्यांत होते. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ मधील आहे. आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन झाल्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुणे येथे मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आले. खडकीच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे आढळतात. लष्करी दारूगोळ्याखेरीज परवानाधारक नागरिकांसाठी बारा बोअरची काडतुसेही तेथे तयार होत आली आहेत. कारखान्यात प्रत्येक खेपेतील नमुने उडवून पाहिले जातात. घरच्या मेजावर ही सोय नसते.

नेमबाजीच्या क्रीडाक्षेत्रातही पुनर्भरणाची गरज मर्यादित आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. महाराष्ट्राच्या नेमबाजांचे मोठे यश प्रामुख्याने हवेच्या दाबावरील रायफल व पिस्तूल आणि .२२ रिमफायर या प्रकारांत आहे. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक हे दोन्ही ५० मीटर रायफल प्रकारातील, म्हणजे ज्यांच्या पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत अशा काडतुसांवर मिळविलेले आहेत.

ग्रामीण भागात या विषयाचा संबंध पीकसंरक्षणाशी येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील पाचोड हे मोसंबीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव आहे. मराठवाड्याच्या अशा पट्ट्यात रोही, हरणे व रानडुकरे यांचा उपद्रव हा शेतकऱ्याच्या नित्य चिंतेचा विषय असतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती अपुरी ठरत असल्याची खात्री पटल्यास परवाना अधिकारी गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देऊ शकतो. ठासणीच्या बंदुकीत काडतूसच नसल्यामुळे तेथे पुनर्भरण यंत्राचा प्रश्न उद्भवत नाही. प्रत्येक बार नळीच्या तोंडातूनच भरला जातो. उलट काडतुसाच्या बंदुकीचा परवाना मिळालेल्या शेतकऱ्यास तयार काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात.

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी मारण्यासाठी वनविभागाच्या सक्षम अधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते. याच कायद्यामुळे पूर्वीची शिकार बंद झाली आणि घरी काडतुसे भरण्याचे उरलेसुरले प्रयोजनही संपुष्टात आले.

वारशाने आलेली साधने

जुन्या वाड्यांत पूर्वजांच्या बंदुकीबरोबर काडतुसे वळविण्याचे पितळी यंत्र, दारूचे माप, टोप्यांचे डबे किंवा जुनी भरलेली काडतुसे सापडू शकतात. ही वस्तू शोभेची म्हणून ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. तथापि वर दिलेल्या व्याख्येमुळे तिचे स्वरूप कायद्याच्या दृष्टीने केवळ जुन्या भांड्याचे राहत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूमुळे किंवा अन्य कारणाने शस्त्र वा दारूगोळा बाळगणे बेकायदेशीर ठरल्यास तो विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा, अशी तरतूद कलम २१ मध्ये आहे. वारसास पुढे परवाना मिळाल्यास जमा केलेली वस्तू परत मिळविता येते.

जुनी काडतुसे व टोप्या उघडून पाहणे, तापविणे, ठोकणे किंवा भंगारात देणे धोक्याचे असते. टोपीतील द्रव्य वर्षानुवर्षे आघातास संवेदनशील राहू शकते. अशा वस्तू जागेवरून न हलविता प्रथम पोलिसांना कळविणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.